चुकीची सुटका दिसते, चुकीची कैद दिसत नाही



मागच्या वेळी आपण शिक्षा मुळात द्यायचीच कशासाठी, हा प्रश्न घेतला होता. गुन्हेगाराला त्याच्या कृत्याचं फळ मिळावं म्हणून द्यायची, असं एक मत. पुढचे गुन्हे टळावेत म्हणून द्यायची, असं दुसरं मत. आज त्याच वाटेनं थोडं पुढे जायचं आहे. शिक्षा किती द्यायची हे ठरवताना ठरवणाऱ्याची राजकीय महत्त्वाकांक्षा मध्ये आली, तर काय होतं? केवळ तत्त्वाच्या गोष्टी न करता आपण एक प्रत्यक्ष घडलेलं उदाहरण नीट पाहू. ते इंग्लंडचं आहे. पण त्याची सुरुवात अमेरिकेत होते.

आधी 'महत्त्वाकांक्षा' या शब्दाकडे बघा. शाळेच्या प्रगतिपुस्तकात मुलगा महत्त्वाकांक्षी आहे असा शेरा आला तर आपण पेढे वाटतो. एखाद्या पुढाऱ्याबद्दल वर्तमानपत्रानं तोच शब्द वापरला, की आपण ओळखतो, हा टोमणा आहे. ॲरिस्टॉटलला ही अडचण जाणवली होती. मानसन्मानाची ओढ असणाऱ्या माणसाची आपण कधी स्तुती करतो, कधी निंदा करतो, आणि या दोहोंमधल्या योग्य प्रमाणाला भाषेत धड नावच नाही, असं तो 'निकोमेकियन एथिक्स'मध्ये नोंदवतो. म्हणजे महत्त्वाकांक्षा स्वतःहून वाईट नव्हे. ती कशावर जगते आणि तिला आवर कोण घालतो, यावर सगळं अवलंबून आहे.

लोकशाहीत आवर कोण घालतो? मतदार आणि विरोधक. अमेरिकेच्या राज्यघटनेच्या शिल्पकारांपैकी एक, जेम्स मॅडिसन, यांचा भरवसा असा की एकाच्या महत्त्वाकांक्षेला दुसऱ्याची महत्त्वाकांक्षा रोखून धरेल. पुष्कळ बाबतींत हे खरं ठरतं. रस्ता खराब झाला तर विरोधी पक्ष बोंब मारतो, मतदार चिडतो, मंत्री हलतो. पण शिक्षेच्या बाबतीत ही यंत्रणा उलटी फिरते. इथे दोन महत्त्वाकांक्षा एकमेकींना रोखत नाहीत, त्या लिलावात उतरतात. एकानं दहा वर्षं म्हटलं की दुसरा पंधरा म्हणतो. असं का होतं? आजच्या व्याख्यानाचा गाभा हाच आहे.

दोन चुका

कैद्याला सोडायचं की ठेवायचं, हा निर्णय घेणारा माणूस दोन प्रकारे चुकू शकतो. जो धोकादायक आहे त्याला तो सोडेल, ही पहिली चूक. जो धोकादायक नाही त्याला तो आत ठेवेल, ही दुसरी. नैतिकदृष्ट्या दोन्ही गंभीर आहेत. पहिलीत एक निरपराध माणूस बळी पडतो. दुसरीत एका माणसाचं आयुष्य विनाकारण जातं, त्याची मुलं बापाशिवाय वाढतात.

पण राजकारणाच्या दृष्टीनं या दोन चुका सारख्या नाहीत, बरं का. पहिल्या चुकीला चेहरा असतो, तारीख असते, बातमी असते. दुसरी चूक कधी सिद्धच होत नाही. आत असलेल्या माणसानं गुन्हा केला नाही, तर लोक म्हणणार, बघा, आत ठेवला म्हणून केला नाही! त्याला सोडलं असतं तरी त्यानं काही केलं नसतं, हे दाखवणार कसं? आणि ज्याचं आयुष्य गेलं तो तक्रार कुठे करणार? ब्रिटनमध्ये शिक्षा भोगणाऱ्या कैद्याला, काही मोजके अपवाद सोडले तर, मत नसतं. आपल्याकडे तर तुरुंगात असलेल्या कच्च्या कैद्यालाही मतदान करता येत नाही. म्हणजे ज्याच्यावर चूक लादली जाते त्याच्या हातात चूक करणाऱ्याला पाडण्याचं साधन नाही. चुकीची सुटका दिसते, चुकीची कैद दिसत नाही. ज्याला निवडून यायचं आहे, तो साहजिकच न दिसणारी चूक पत्करतो.

धडा कसा शिकला गेला

१९८८ साली अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूक होती. डेमोक्रॅटिक पक्षाचे उमेदवार मायकल ड्यूकाकिस हे मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर होते. त्या राज्यात कैद्यांना ठरावीक दिवस रजेवर घरी सोडण्याची योजना होती, आपल्याकडे 'फर्लो' म्हणतात तशी. ती सुरू झाली १९७२ साली, रिपब्लिकन गव्हर्नरच्या काळात. खुनाबद्दल जन्मठेप भोगणारा एक कैदी या रजेवरून परतलाच नाही. त्यानं दुसऱ्या राज्यात एका जोडप्यावर अत्याचार केले. गुन्हा भयंकर होता, यात शंका नाही. निवडणुकीत या कैद्याचा चेहरा टीव्हीच्या जाहिरातीत आला. तो कृष्णवर्णीय होता, आणि जाहिरातीचा रोख कुठे होता ते सगळ्यांना कळत होतं. ड्यूकाकिस हरले. हरण्याची कारणं अनेक होती, पण त्यांच्या पक्षानं जो धडा घेतला तो हाच, की गुन्ह्याबाबत मऊ दिसायचं नाही.

चार वर्षांनी हा धडा कृतीत आला. जानेवारी १९९२. बिल क्लिंटन अर्कान्सासचे गव्हर्नर होते आणि उमेदवारीसाठी न्यू हॅम्पशायरमध्ये प्रचार करत होते. तो प्रचार सोडून ते आपल्या राज्यात परतले, कारण तिथे एका कैद्याला मृत्युदंड दिला जायचा होता. या माणसानं एका पोलिसाला ठार मारलं होतं आणि मग स्वतःच्या डोक्यात गोळी झाडून घेतली होती. तो वाचला, पण मेंदूचा पुढचा भाग निकामी झाला. शेवटच्या जेवणातला गोड पदार्थ त्यानं बाजूला काढून ठेवला. का, तर नंतर खायला! आपल्याला काही वेळात मारणार आहेत, याचा अर्थही ज्याला लागत नव्हता, त्याला मारलं गेलं. त्या मृत्यूनं अर्कान्सासमध्ये कोण अधिक सुरक्षित झालं? कोणीच नाही. पण उमेदवार मऊ आहे, असं आता कोणी म्हणू शकत नव्हतं. गुन्हेगार असला तरी माणसाला निव्वळ साधन म्हणून वापरू नका, असं कांट का बजावतो, ते समजायला याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

इंग्लंड, १९९३

जानेवारी १९९३ मध्ये ब्रिटनच्या मजूर पक्षाचे दोन तरुण नेते, टोनी ब्लेअर आणि गॉर्डन ब्राउन, वॉशिंग्टनला जाऊन क्लिंटन यांच्या माणसांना भेटून आले. ब्लेअर तेव्हा विरोधी पक्षात राहून गृहखातं सांभाळत होते. त्यांनी घोषणा दिली : गुन्ह्याबाबत कठोर, गुन्ह्याच्या कारणांबाबतही कठोर. घोषणा हुशारीची होती. पण तिचे दोन भाग बघा. पहिला भाग एका कायद्यानं सहा महिन्यांत करून दाखवता येतो. दुसऱ्या भागाला, म्हणजे शाळा, घरं, व्यसनमुक्ती, रोजगार यांना, वीस वर्षं लागतात. पाच वर्षांनी मत मागायला जाणारा माणूस कोणता भाग आधी हाती घेईल?

त्याच वर्षी फेब्रुवारीत लिव्हरपूलजवळ दोन वर्षांच्या एका बाळाचा खून झाला. मारणारे दोघं दहा वर्षांचे मुलगे. सारा देश हादरून गेला. ऑक्टोबरमध्ये हुजूर पक्षाच्या अधिवेशनात गृहमंत्री मायकल हॉवर्ड यांनी तुरुंग कामी येतो असं ठणकावून सांगितलं आणि टाळ्या घेतल्या. लिलाव सुरू झाला होता.

आता या दोन मुलांनी किमान किती वर्षं आत राहायचं? खटल्याच्या न्यायाधीशांनी आठ वर्षं सुचवली. सरन्यायाधीशांनी दहा सुचवली. अंतिम अधिकार तेव्हा गृहमंत्र्यांकडे होता. 'सन' या वर्तमानपत्रानं कुपनं छापली होती, ती कापून भरून वीस हजारांवर लोकांनी गृहखात्याकडे पाठवली. अडीच लाखांहून जास्त सह्यांचं निवेदनही आलं. गृहमंत्र्यांनी मुदत ठरवली पंधरा वर्षं.

१९९७ साली हाउस ऑफ लॉर्ड्समधल्या न्यायमूर्तींनी हा निर्णय बेकायदा ठरवला. एखाद्या विशिष्ट माणसाची शिक्षा ठरवताना कुपनं आणि सह्या विचारात घेणं चूक आहे, असं त्यांचं म्हणणं. १९९९ साली स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवाधिकार न्यायालयानं मुद्दा आणखी मुळाशी नेला : शिक्षेची मुदत राजकीय मंत्र्यानं ठरवणं, हेच निष्पक्ष न्यायाच्या हक्काविरुद्ध आहे.

इथे जॉन रॉल्स यांचा १९५५ सालचा एक निबंध उपयोगी पडतो. ते म्हणतात, कायदा करणारा आणि न्याय देणारा यांचे प्रश्न वेगळे असतात. कायदा करणारा पुढे बघतो : अशी शिक्षा ठेवली तर समाजाचं भलं होईल का? न्यायाधीश मागे बघतो : या माणसानं काय केलं? दोन्ही प्रश्न रास्त आहेत, पण खुर्च्या वेगळ्या हव्यात. मंत्री जेव्हा न्यायाधीशाच्या खुर्चीत बसतो, तेव्हा तो मागेही बघत नाही आणि पुढेही बघत नाही. तो खिडकीबाहेर बघतो, गर्दी किती आहे ते.

तारीख नसलेली शिक्षा

मित्रहो, इथवर एका खटल्याचं झालं. आता तोच विचार कायदा होऊन हजारो माणसांवर कसा उतरला ते पाहू. मजूर पक्ष १९९७ ला सत्तेवर आला. २००३ च्या फौजदारी न्याय कायद्यात गृहमंत्री डेव्हिड ब्लंकेट यांच्या काळात एक नवी शिक्षा आली. मराठीत तिला 'जनसंरक्षणार्थ कैद' म्हणता येईल, तिकडे तिला 'आयपीपी' म्हणतात. २००५ पासून ती अमलात आली.

तिची रचना अशी. न्यायालय गुन्ह्याच्या मानानं एक किमान मुदत सांगणार, समजा दीड वर्ष. ती संपली की सुटका? नाही. तुमच्यापासून आता समाजाला धोका नाही, अशी पॅरोल मंडळाची खात्री पटेपर्यंत तुम्ही आत. पटली नाही तर आणखी, आणि आणखी. शेवटची तारीख नाहीच. ज्या गुन्ह्यांना ही शिक्षा लागू झाली त्यांत अतिशय गंभीर गुन्हे होते, तसेच जबरी चोरी आणि मारामारीचेही होते. आधीचा ठरावीक प्रकारचा गुन्हा नावावर असेल, तर माणूस धोकादायक आहे असं न्यायाधीशानं गृहीतच धरायचं, अशीही तरतूद होती. ती २००८ साली बदलावी लागली.

सरकारचा अंदाज होता की तुरुंगात साधारण नऊशे माणसांची भर पडेल. प्रत्यक्षात ही शिक्षा झाली आठ हजार सातशेच्या आसपास माणसांना.

आणि मग जे झालं ते वाचून मन विषण्ण होतं. धोका नाही हे सिद्ध करायचं कसं? तुरुंगातले ठरावीक अभ्यासक्रम पूर्ण करून. पण ते अभ्यासक्रम पुष्कळ तुरुंगांत नव्हतेच, किंवा प्रतीक्षायादी लांबलचक होती. म्हणजे दाराला कुलूप लावायचं, किल्ली तुझी तू शोध म्हणायचं, आणि किल्ली त्या घरात ठेवलेलीच नाही! २०१२ साली स्ट्रासबर्गच्या न्यायालयानं अशा तीन कैद्यांच्या बाबतीत ही कैद मनमानी ठरवली.

कोणत्याही कैद्याला विचारा, त्याला आधार असतो तो तारखेचा. वीस वर्षांनी का होईना, एक दिवस येणार आहे. इथे ती तारीखच काढून घेतली. त्यातून नैराश्य येतं. नैराश्य आलं की पॅरोल मंडळाला माणूस अस्थिर वाटतो, आणि अस्थिर वाटला की सुटका लांबते. अनेकांनी तुरुंगातच जीवन संपवलं. सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती लॉर्ड ब्राउन यांनी या प्रकाराला ब्रिटिश न्यायव्यवस्थेवरचा सर्वांत मोठा डाग म्हटलं.

२०१२ साली संसदेनं ही शिक्षा रद्द केली. पण कोणासाठी? पुढे येणाऱ्यांसाठी. जे आधीच आत होते त्यांची तशीच चालू राहिली. शिक्षा अन्यायाची आहे म्हणून रद्द केली, आणि भोगणाऱ्यांना मात्र सोडलं नाही! २०२२ साली खासदारांच्या न्यायविषयक समितीनं सांगितलं, या सगळ्यांना नव्यानं, मुदतीची शिक्षा ठरवून द्या. हुजूर पक्षाच्या सरकारनं २०२३ मध्ये नकार दिला. २०२४ मध्ये सत्तेवर आलेल्या मजूर पक्षानंही ती शिफारस मान्य केली नाही. देखरेखीच्या अटी काहीशा सैल झाल्या, एवढंच. २०२४ मध्ये अडीच हजारांवर माणसं या शिक्षेखाली आत होती. काहींना सोडून परत आणलेलं होतं, पण हजाराहून अधिक जणांची तोवर एकदाही सुटका झालेली नव्हती.

का, हे आता तुमच्या लक्षात आलं असेल. यांच्यापैकी एकानं बाहेर येऊन गुन्हा केला, तर सही करणाऱ्या मंत्र्याचं नाव पहिल्या पानावर येईल. बाकीचे आतच म्हातारे झाले, तर कोणाचंच नाव येणार नाही.

ब्लंकेट यांनी पुढे या शिक्षेबद्दल जाहीरपणे खेद व्यक्त केला. क्लिंटन यांनीही २०१५ साली मान्य केलं की १९९४ च्या त्यांच्या गुन्हेविषयक कायद्यानं प्रश्न बिकट केला. या कबुल्यांचा मी आदर करतो. पण दोन्ही पद गेल्यावर आल्या, हे लक्षात घ्या. फायदा पदावर असताना मिळतो, पश्चात्ताप पद सुटल्यावर परवडतो. यात माणसांचा दोष आहेच, पण त्याहून मोठा दोष ही लालूच उभी करणाऱ्या रचनेचा आहे.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप : पण गुन्हे कमी झाले ना? इंग्लंडमध्ये १९९५ नंतर गुन्हे घटले, हे खरं आहे. त्याच सुमाराला तुरुंगही भरत गेले. १९९३ च्या सुरुवातीला इंग्लंड आणि वेल्समध्ये पंचेचाळीस हजारांच्या आत असलेली कैद्यांची संख्या वीस वर्षांत जवळपास दुप्पट झाली. पण गुन्हे कॅनडातही घटले, आणि तिथे कैद्यांची संख्या फारशी वाढलेली नव्हती. पाऊस आपल्याकडेही पडला आणि शेजारच्या गावातही पडला, तर तो आपल्याच यज्ञानं पडला असं म्हणता येत नाही. शिवाय तुरुंग इतके भरले, की सप्टेंबर २०२४ मध्ये जागा करण्यासाठी मुदतीच्या शिक्षेतल्या अनेक कैद्यांना लवकर सोडावं लागलं.

दुसरा आक्षेप मला जास्त महत्त्वाचा वाटतो : पीडितांचं काय? त्यांच्या रागाला तुमच्या तत्त्वज्ञानात जागा आहे की नाही? आहे. तो राग रास्त आहे, आणि गुन्हेगाराला शिक्षा झालीच पाहिजे. पण पीडिताला हवं असतं ते काय? पोलिसांनी तक्रार लगेच नोंदवावी, तपास नीट व्हावा, खटला वेळेत संपावा, आपल्यावर पुन्हा ही वेळ येऊ नये. बेकारियानं १७६४ साली लिहून ठेवलं आहे की गुन्हा थांबतो तो शिक्षेच्या खात्रीनं, तिच्या क्रौर्यानं नव्हे. आपल्याकडे कौटिल्य, ज्याला कोणी कनवाळू म्हणणार नाही, तोही सांगतो की फार कडक दंडानं प्रजा त्रासते, फार सौम्य दंडानं राजाला कोणी जुमानत नाही, योग्य तोच दंड मान मिळवतो. खात्री वाढवायला पैसा, माणसं आणि वर्षं लागतात. कठोरता वाढवायला एक विधेयक पुरतं. पीडिताच्या नावानं जेव्हा फक्त दुसरी गोष्ट केली जाते, तेव्हा पीडितालाही साधन म्हणूनच वापरलेलं असतं.

आपल्या घराकडेही एकदा बघायला हवं. दिल्लीतल्या डिसेंबर २०१२ च्या घटनेनंतर न्यायमूर्ती वर्मा समितीनं बलात्कारासाठी फाशी नको आणि अल्पवयाची मर्यादा अठरावरून सोळावर आणू नका, असं सुचवलं. २०१३ मध्ये काही प्रकारांसाठी फाशी आली, आणि २०१५ च्या कायद्यानं सोळा ते अठराच्या मुलांवर अतिगंभीर गुन्ह्यांत प्रौढांसारखा खटला चालवण्याची वाट उघडली. महाराष्ट्र विधिमंडळानं डिसेंबर २०२१ मध्ये फाशीची तरतूद असलेलं 'शक्ती' विधेयक मंजूर केलं. ते अमलात आलं नाही, पण मंजूर होताना त्याला राजकीय विरोध किती झाला, आठवून बघा. आणि त्याच देशात २०२२ च्या अखेरीस तुरुंगातल्या ५ लाख ७३ हजार माणसांपैकी ४ लाख ३४ हजार कच्चे कैदी होते. म्हणजे चारातल्या तिघांचा गुन्हा सिद्धच झालेला नव्हता. खात्री कुठे आहे, आणि कठोरता कुठे आहे?

मग करायचं काय?

महत्त्वाकांक्षा नसलेले राजकारणी शोधायचे का? ते मिळणार नाहीत, आणि मिळाले तर निवडून येणार नाहीत. विन्स्टन चर्चिल यांचं उदाहरण घ्या. हिंदुस्थानच्या बाबतीत हा माणूस कसा होता ते आपल्याला चांगलं ठाऊक आहे, आणि महत्त्वाकांक्षेत तर तो कोणाला हार जाणारा नव्हता. पण १९१० साली, पस्तिसाव्या वर्षी गृहमंत्री असताना, त्यांनी संसदेत मांडलं की देश किती सुसंस्कृत आहे ते तो गुन्हेगारांना कसा वागवतो यावरून ओळखावं. आणि ते नुसतं बोलले नाहीत. १९०८ च्या एका कायद्यानं सराईत गुन्हेगारांना शिक्षा संपल्यावरही पाच ते दहा वर्षं डांबून ठेवता येत असे. किरकोळ चोरांवर तो चालवू नये, म्हणून चर्चिल यांनी त्याचा वापर आखडता घेतला. शंभर वर्षांनी त्याच खुर्चीतून नेमकं उलटं झालं. महत्त्वाकांक्षा दोन्हीकडे होती. फरक एवढाच, की एका ठिकाणी न दिसणाऱ्या चुकीचीही मोजदाद झाली.

म्हणून ही मोजदाद आपण नागरिकांनी मागायला हवी. पुढच्या वेळी कोणी कठोर कायद्याची घोषणा करेल, तेव्हा त्याला तीन प्रश्न विचारा. या कायद्यानं पकडले जाण्याची आणि खटला वेळेत संपण्याची खात्री वाढणार आहे का? चुकून आत राहिलेल्या माणसाला बाहेर येण्याची वाट कोणती, आणि ती खरोखर उघडी आहे का? आणि पाच वर्षांनी हा कायदा तपासून, चुकला असेल तर आत असलेल्यांसाठीही मागे घेण्याची तुमची तयारी आहे का?

उत्तर देणाऱ्याला मत द्यायचं की नाही ते तुम्ही ठरवा. पण हे प्रश्न आत असलेला माणूस विचारू शकत नाही. त्याच्या वतीनं ते बाहेरच्यांनीच विचारायचे आहेत.